शब्दचर्चा: 'मॉनिटरिंग'ला काय म्हणावं? देखरेख, संनियंत्रण की छाननी?

(टाचण, दौत, पागोळी, रेघोटी आणि मसुदा ही चर्चेत बोलणाऱ्यांची टोपणनावं.)

टाचण

युरोप परिषदेच्या संसदीय सभेवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. सदस्य देशात लोकशाहीची घडी विस्कटू लागली की ही सभा काय करते, असा विषय आहे. उदाहरणं तुर्कस्तान (२०१७), पोलंड (२०२०), हंगेरी (२०२२), अझरबैजान (२०२४) आणि जॉर्जिया (२०२५) यांची. पुढच्या शब्दांवर अडलो आहे:

मॉनिटरिंग प्रोसिजर, रॅपोर्टर, क्रेडेन्शियल्स, ऑब्लिगेशन्स आणि कमिटमेंट्स, आणि सगळ्यात अवघड म्हणजे डेमोक्रॅटिक बॅकस्लायडिंग.

शिवाय 'सभेने तुर्कस्तानविरुद्ध मॉनिटरिंग पुन्हा सुरू केलं' या वाक्यातलं 'विरुद्ध' बरोबर आहे का?

दौत

शब्दांच्या आधी संस्थेचं नाव पक्कं करा, कारण मराठी बातम्यांत पहिली चूक तिथेच होते. 'युरोप परिषद' १९४९ मध्ये स्थापन झाली. तिचे आज ४६ सदस्य देश आहेत आणि मुख्यालय स्ट्रासबर्गला आहे. 'युरोपीय परिषद' म्हणजे युरोपीय संघातल्या राष्ट्रप्रमुखांची आणि सरकारप्रमुखांची बैठक. ती पूर्ण वेगळी. त्यात युरोपीय संघाची निवडून आलेली संसदही स्ट्रासबर्गलाच भरते. बारा ताऱ्यांचा निळा झेंडाही दोघांचा एकच आहे. १९५५ मध्ये तो आधी युरोप परिषदेने घेतला, संघाने नंतर. त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'युरोप परिषद (युरोपीय संघ नव्हे)' असं लिहायला संकोचू नका.

'संसदीय सभा'च ठेवा, 'संसद' करू नका. तिचे ३०६ सदस्य आपापल्या देशाच्या संसदेतले खासदार असतात. वर्षातून चारदा, साधारण आठवडाभर बसतात. ही सभा कायदे करत नाही.

हंगेरीचं उदाहरण आहे म्हणून हेही सांगतो. १२ सप्टेंबर २०१८ रोजी ४४८ विरुद्ध १९७ असं जे मतदान झालं, ते युरोपीय संघाच्या संसदेतलं, संघाच्या कराराच्या कलम ७ खालचं (संघाच्या मूल्यांचा गंभीर भंग करणाऱ्या सदस्य देशाबाबतचं कलम). ऑक्टोबर २०२२ मध्ये मॉनिटरिंग सुरू झालं ते युरोप परिषदेच्या सभेकडून. अनेक लेखांत या दोन गोष्टी एकाच वाक्यात मिसळलेल्या असतात.

पागोळी

'मॉनिटरिंग'साठी शासनाचा शब्द 'संनियंत्रण' आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत 'विकास समन्वय व संनियंत्रण समिती' असते. पण या शब्दाच्या पोटात 'नियंत्रण' आहे आणि सभेचं सदस्य देशावर कसलंही नियंत्रण नाही. ती बघते, विचारते, लिहिते, मत देते. इथे 'संनियंत्रण' वापरलं तर स्ट्रासबर्गहून कोणीतरी अंकाराचा कारभार चालवतं आहे, असा वाचकाचा समज होईल.

'छाननी' एकदाच होते. उमेदवारी अर्जांची छाननी ठरलेल्या दिवशी होते आणि संपते. 'पडताळणी'त कागद आणि वस्तुस्थिती जुळते का एवढंच बघायचं असतं. मॉनिटरिंग वर्षानुवर्षं चालतं. माझं मत 'देखरेख प्रक्रिये'ला.

रेघोटी

'देखरेख'बद्दल थोडी शंका आहे. देखरेख वरचा खालच्यावर ठेवतो: मुकादम कामावर, पर्यवेक्षक परीक्षेवर. इथे तर समान दर्जाचे सदस्य एकमेकांकडे बघतात. ज्या देशावर देखरेख आहे त्याचे खासदारही त्याच सभागृहात बसलेले असतात आणि मतही देतात. 'परस्पर आढावा' कसा वाटतो?

दौत

'आढावा' राखून ठेवावा लागेल. ज्या देशांवर देखरेख नाही, त्यांचाही सभेची देखरेख समिती नियतकालिक आढावा घेते. दोन्हींना एकच शब्द वापरला तर नेमका फरकच पुसला जाईल. वरखालीची छटा मान्य करूनही 'देखरेख'च घ्यावं असं मला वाटतं.

आता 'विरुद्ध'. हा शब्द काढाच. विरुद्ध म्हटलं की खटला आणि आरोपी असं चित्र उभं राहतं. देखरेख देशा'बाबत' असते. ती कशी चालते ते बघितलं की कारण कळेल.

देखरेख समिती १९९७ मध्ये ठराव १११५ ने स्थापन झाली. नवी देखरेख सुरू करायची मागणी सभेच्या समित्या किंवा कार्यकारी मंडळ करू शकतं, किंवा किमान २० सदस्य करू शकतात. पण हे २० जण किमान ६ देशांच्या शिष्टमंडळांतले आणि किमान २ राजकीय गटांतले असावे लागतात. एकाच शेजारी देशाने वैर काढू नये म्हणून ही अट. मग दोन सह-रॅपोर्टर, म्हणजे मिळून अहवाल लिहिणारे खासदार, नेमतात, वेगवेगळ्या देशांचे आणि वेगवेगळ्या राजकीय गटांचे. पोलंडच्या वेळी नेदरलँड्सचे पीटर ओमत्सिख्त हे ख्रिश्चन-डेमोक्रॅट आणि स्वीडनच्या आझादे रोजहान गुस्ताफसन या समाजवादी, अशी जोडी होती. ते देशात जातात. सरकार, विरोधी पक्ष, न्यायाधीश, पत्रकार, संघटना यांना भेटतात. कायद्याच्या मसुद्यावर व्हेनिस आयोगाचं (युरोप परिषदेच्या घटनातज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाचं) मत मागवलं जातं. प्राथमिक अहवाल आधी त्या देशाच्या शिष्टमंडळाकडे म्हणणं मांडायला जातो, मग समितीत, मग सभेत मतदान. संबंधित देशाला इतक्या ठिकाणी बोलू देणाऱ्या प्रक्रियेला 'विरुद्ध' शोभत नाही.

मसुदा

'रॅपोर्टर'ला 'प्रतिवेदक' कृपया नको. प्रतिवेदक म्हटलं की सभागृहातलं भाषण शब्दशः टिपून घेणारा कर्मचारी डोळ्यांपुढे येतो. हा माणूस स्वतः खासदार असतो, स्वतः निष्कर्ष काढतो आणि सभागृहात त्यांचं समर्थन करतो. 'अहवालकर्ता', दोघं असतील तर 'सह-अहवालकर्ते'. 'वार्ताहर' असंही छापलेलं दिसतं, ते तर पूर्ण चूक.

'ऑब्लिगेशन्स' आणि 'कमिटमेंट्स' या जोडीवर जास्त थांबायला हवं, कारण दोन्हींना 'जबाबदाऱ्या' म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. देखरेख समितीच्या पूर्ण नावातच हे दोन्ही शब्द आहेत आणि ते वेगळे आहेत. पहिल्यात प्रत्येक सदस्याला सारखीच लागू असलेली बंधनं येतात: परिषदेच्या घटनेचं कलम ३ (कायद्याचं राज्य आणि मानवी हक्क) आणि युरोपीय मानवी हक्क करार. दुसऱ्यात एखाद्या देशाने प्रवेश घेताना स्वतःहून मान्य केलेली यादी येते, बहुतेकदा मुदतीसकट: अमुक करार वर्षभरात मंजूर करू, तमुक कायदा बदलू. रशियाने १९९६ मध्ये प्रवेश घेताना फाशीची शिक्षा रद्द करण्याचं कबूल केलं होतं. फाशी देणं थांबवलं, पण तिच्या रद्दीकरणाचा सहावा जोडकरार शेवटपर्यंत मंजूर केला नाही. जॉर्जिया १९९९ मध्ये आला, आर्मेनिया आणि अझरबैजान एकाच दिवशी, २५ जानेवारी २००१ ला. या तिघांच्याही अशा याद्या आहेत.

तुर्कस्तान १९५० पासूनचा सदस्य आहे. त्याने अशी यादी दिलेलीच नाही. म्हणून तुर्कस्तानच्या संदर्भात 'दिलेली वचनं मोडली' असं लिहिणं तथ्याला धरून नाही. तिथे प्रश्न बंधनांचा आहे.

माझी सूचना: 'दायित्वं आणि आश्वासनं'. आपल्या विधानमंडळात 'आश्वासन समिती' आहेच. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचं पुढे काय झालं हे ती बघते. काम जवळपास हेच.

पागोळी

आश्वासन समितीचा दाखला चपखल आहे, पण समितीबाहेर 'आश्वासन' हा शब्द झिजला आहे. वाचकाला आधी निवडणुकीतली आश्वासनंच आठवतील. 'अभिवचन' घ्या. त्यात बांधून घेण्याचा भाव शाबूत आहे.

मसुदा

मान्य. 'दायित्वं आणि अभिवचनं'.

दौत

आता 'क्रेडेन्शियल्स'. नवा राजदूत राष्ट्रपतींना 'अधिकारपत्रं' सादर करतो, तोच शब्द इथे चालेल. दर जानेवारीत प्रत्येक देशाचं शिष्टमंडळ अधिकारपत्रं देतं आणि सभा ती मान्य करते. आक्षेप दोन प्रकारचे असतात. एक नियमांवरचा: शिष्टमंडळात संसदेतल्या पक्षांचं योग्य प्रतिनिधित्व नाही, स्त्रिया नाहीत, वगैरे. २००४ मध्ये आयर्लंड आणि माल्टा यांच्यावर स्त्रिया नाहीत म्हणूनच आक्षेप आला होता. दुसरा आशयावरचा: देशाने मूलतत्त्वांचाच भंग केला आहे. त्यासाठी सभागृहात हजर असलेले किमान ३० सदस्य उभे राहावे लागतात, किमान ५ शिष्टमंडळांतले. 'तांत्रिक आक्षेप' आणि 'तात्त्विक आक्षेप' हे शब्द पुरेसे आहेत.

इथे 'हकालपट्टी' हा शब्द फार नुकसान करतो. २४ जानेवारी २०२४ रोजी सभेने ७६ विरुद्ध १० मतांनी अझरबैजानची अधिकारपत्रं मान्य करायला नकार दिला. त्यावर हकालपट्टी झाली असं लिहिणं चूक आहे. त्या वर्षापुरते त्याचे खासदार सभेत बसू शकत नव्हते, एवढंच. देश परिषदेचा सदस्य राहिला, मंत्री समितीतली (सदस्य देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीतली) त्याची जागा राहिली आणि त्याच्या नागरिकांना युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचं दारही उघडं राहिलं. तुरुंगात असलेल्या पत्रकाराच्या दृष्टीने शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे. खरी हकालपट्टी रशियाची झाली, १६ मार्च २०२२ ला, आणि ती मंत्री समितीने केली. सभेने आदल्या दिवशी २१६ विरुद्ध शून्य मतांनी फक्त मत दिलं होतं. ग्रीसचं १९६९ चं प्रकरण आणखी तिसरं. निलंबनाचा निर्णय मंत्री समितीपुढे आला त्याच दिवशी, १२ डिसेंबरला, लष्करी राजवटीने स्वतःच बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ते 'बहिर्गमन'. लोकशाही परत आल्यावर १९७४ मध्ये ग्रीसही परत आला.

रेघोटी

मग जॉर्जियाबद्दल २०२५ मध्ये 'मताधिकार काढला' असं काही ठिकाणी आलं, ते?

दौत

तेही चूक, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावर एप्रिल २०१४ मध्ये सभेने रशियन शिष्टमंडळाचा मताधिकार काढला. रशियाने शिष्टमंडळ पाठवणंच बंद केलं आणि २०१७ पासून वर्गणीही थांबवली. परिषदेच्या खर्चाला खिंडार पडलं. रशिया बाहेर गेला तर रशियन नागरिकांचं न्यायालय जाईल ही भीतीही खरी होती. शेवटी जून २०१९ मध्ये सभेने ११८ विरुद्ध ६२ मतांनी आपलाच नियम बदलला: अधिकारपत्रांवरच्या आक्षेपातून मत देण्याचा, बोलण्याचा आणि प्रतिनिधित्वाचा हक्क यापुढे काढता येणार नाही. युक्रेनचं शिष्टमंडळ निषेध म्हणून निघून गेलं.

त्यामुळे आता मधली पायरी अरुंद झाली आहे. एकतर अधिकारपत्रं पूर्ण नाकारायची, जसं अझरबैजानबाबत झालं. नाहीतर मान्य करून दुय्यम अधिकार रोखायचे, जसं २९ जानेवारी २०२५ ला जॉर्जियाबाबत झालं. अहवालकर्ता होणं, निवडणूक निरीक्षणाला जाणं, देखरेख समितीत बसणं, हे जॉर्जियाला बंद केलं. मताधिकार होताच. जॉर्जियाचं शिष्टमंडळ त्यानंतर स्वतःहून बाहेर पडलं. 'सशर्त मान्यता' लिहा.

पागोळी

या सगळ्याच्या मर्यादाही लेखात याव्यात. जानेवारी २०१३ मध्ये अझरबैजानमधल्या राजकीय कैद्यांवरचा अहवाल सभेने १२५ विरुद्ध ७९ मतांनी फेटाळला. पुढे २०१८ मध्ये स्वतंत्र चौकशी मंडळाला सभेच्या काही आजी-माजी सदस्यांबाबत अझरबैजानच्या संदर्भात भ्रष्टाचाराचा प्रबळ संशय आढळला. खासदारांनी खासदारांकडे बघण्याच्या पद्धतीत मतं विकत घेण्याची वाट उघडी असते. ते झाकून 'देखरेख' हा शब्द लिहिला तर त्याला नसलेलं वजन येईल.

टाचण

आभार. एक उरलंच: 'बॅकस्लायडिंग'. माझ्या मसुद्यात 'लोकशाहीची पीछेहाट' आहे.

मसुदा

पीछेहाट युद्धातली. शत्रूपुढून सैन्य मागे हटतं. इथे मागे ओढणारा बाहेरचा नसतो, निवडून आलेलं सरकारच असतं. 'ऱ्हास' आणि 'अधोगती' यांत कर्ताच नाही. ऱ्हास काळाच्या ओघात होतो, भिंतीला ओल यावी तसा. पोलंडमध्ये न्यायाधीशांना शिस्तीच्या कारवाईत अडकवणारा कायदा डिसेंबर २०१९ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मत देऊन केला गेला. तिथे कोणी केलं, कधी केलं, किती मतांनी केलं, सगळी नोंद आहे. त्याला ऱ्हास म्हणणं म्हणजे करणाऱ्याचं नाव पुसणं.

मराठीत नेमका शब्द आहे: 'संकोच'. 'हक्कांचा संकोच', 'अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच करणारा कायदा' अशी भाषा आपण नेहमी वापरतो. संकोच कोणीतरी करतं आणि तो थोडा थोडा करता येतो. 'लोकशाहीचा संकोच'.

रेघोटी

शब्द उत्तम, पण 'संकोच'चा लाजेचा अर्थ आज जास्त रूढ आहे. शीर्षकात एकटा आला तर वाचक अडखळेल. शिवाय बॅकस्लायडिंगमध्ये 'आधी इथवर पोचलो होतो' हे गृहीत आहे, ते संकोचात येत नाही. शीर्षकात 'लोकशाहीची घसरण', मजकुरात प्रत्येक कायद्यापाशी 'संकोच', असं चालेल?

दौत

चालेल, फक्त सभेच्या ठरावांच्या नावांत यातलं काहीही घालू नका. २०१७ चा तुर्कस्तानवरचा आणि २०२० चा पोलंडवरचा, दोन्ही ठरावांची नावं 'लोकशाही संस्थांचं कामकाज' अशीच आहेत, पुढे देशाचं नाव. निवाड्याचा शब्द मुद्दाम टाळलेला आहे. घसरण हा लेखकाचा निष्कर्ष म्हणून यावा.

तुमचं मूळ वाक्य असं होईल: '२५ एप्रिल २०१७ रोजी युरोप परिषदेच्या संसदीय सभेने तुर्कस्तानबाबतची देखरेख प्रक्रिया ११३ विरुद्ध ४५ मतांनी पुन्हा सुरू केली, १२ सदस्य तटस्थ राहिले.' 'पुन्हा' गाळू नका. १९९६ ला सुरू झालेली देखरेख २००४ मध्ये संपली होती, आणि संपलेली देखरेख परत सुरू होण्याची ती पहिलीच वेळ.

टाचण

आणि २००४ ते २०१७ या मधल्या काळाला 'पोस्ट-मॉनिटरिंग डायलॉग' म्हटलं आहे. 'देखरेखोत्तर संवाद'?

पागोळी

'देखरेखोत्तर' नको, देशी शब्दाला संस्कृत संधी लावल्याने उच्चार अडतो. 'देखरेखीनंतरचा संवाद' सरळ लिहा. आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्च करा: देखरेख उठली, पण राहिलेल्या मुद्द्यांवर अहवालकर्त्याच्या भेटी आणि अहवाल चालूच राहतात.

टाचण

घेतलं. 'विरुद्ध' सगळीकडून काढतो आहे, मतांच्या आकड्यांमधला सोडून.