कोरडी थंडी आणि गळकं छत

गवती चहा (धागाकर्ता):

परवा एका सस्कॅचवनकराचं (कॅनडातला प्रांत) मनोगत कुणीतरी मराठीत करून इथे डकवलं. गडी मूस जॉजवळच्या शेतावर जन्मलेला, पुढे सगळा जन्म रजायनात, म्हणजे प्रांताच्या राजधानीत. म्हणणं थोडक्यात असं: आमची थंडी कोरडी, उणे तीस असलं तरी जाणवत नाही. घरं स्वस्त. शेजारी न सांगता तुमच्या दारातला बर्फ काढून जातो. हे सोडून टोरंटोला मरायला जाणाऱ्यांची कीव येते. खाली "किती साधी माणसं" म्हणणाऱ्यांची रांग. तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

आधी तो कोरडेपणा. हवा कोरडी असली की कपडे ओलावत नाहीत, एवढाच त्याचा उपयोग. नाकाचा शेंडा वाऱ्याने जातो. उणे २५ आणि ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे विंड चिल (वाऱ्यामुळे कातडीला जाणवणारी थंडी) उणे ३९. उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे ३० ला तोच वारा असला की उणे ४६, आणि मुदत पाच ते दहा मिनिटं. रजायनाच्या आसपास वारा अडवायला आहे काय? गाडीचं इंजिनही रात्रभर त्या उणे ४६ मध्ये उभं असतं.

आता त्याने न लिहिलेल्या गोष्टी. त्याला ती कामं वाटतच नाहीत, बापाच्या हाताखाली शिकलेला आहे.

ब्लॉक हीटर: गाडीचं इंजिन गरम ठेवायला, साधारण ४०० वॉटचा, इंजिनात बसवलेला, पिन पुढच्या जाळीतून लोंबते. उणे पंधराच्या खाली गेलं की लावायचा. वायर १४ गेजची, म्हणजे जाड, बाहेर वापरायची. घरातली बारीक वायर लावली की पिनेपाशी वितळते. हीटर मेलाय हे गाडी सुरू न होण्याच्या सकाळीच कळतं, म्हणून दिवाळीच्या आसपास मल्टीमीटर लावून बघायचं: १२० व्होल्टवर ४०० वॉट म्हणजे दोन पिनांमध्ये ३६ ओहमच्या जवळपास दिसायला हवं. काटा हलला नाही तर हीटर नाहीतर वायर गेली.

फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी: नव्या फर्नेसचे हवा घेणारे नि सोडणारे दोन पांढरे पाइप भिंतीतून बाहेर येतात. सोडलेली हवा वाफेने भरलेली. पाइप फार जवळ असले तर तीच वाफ घेणाऱ्या पाइपच्या तोंडाशी गोठते, हवेचा दाब बघणारा प्रेशर स्विच उघडतो, फर्नेस बंद. हे उणे ३५ च्या पहाटे चार वाजता होतं, दुपारी दोनला नाही. पक्षी शिरू नये म्हणून लावलेली जाळी हिवाळ्यात काढा, हे विकणारा सांगत नाही.

आणि स्वस्त घरं. रजायना चिकणमातीवर उभं आहे. ओली झाली की फुगते, दुष्काळात आकसून पायापासून सुटते. म्हणून तळघरात मधल्या तुळईखाली टेलिपोस्ट असतात, फिरवून वरखाली करायचे लोखंडी खांब. दारं अडकायला लागली, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, की समजायचं खांब बघायची वेळ झाली. एकदम फिरवला तर वरचं प्लास्टर दुसऱ्याच ठिकाणी फुटतं.

राहिला बर्फ काढणारा शेजारी. प्रांतातल्याच सॅस्कटून शहरात घरासमोरचा फुटपाथ ४८ तासांत साफ करणं हा नियम आहे. शेजारधर्म म्हणे!

क्वार्टर सेक्शन:

यादी वाचून वाटलं चंद्रावर वस्ती करायची आहे. कोकणातला माणूस मृगाच्या आधी घर शाकारतो, पागोळ्यांचं पाणी वळवतो, सरपण आत घेतो. त्याला "कोकणात राहणं किती अवघड" असं कुणी विचारलं तर तो हसेल. मूस जॉवाला तसाच हसतोय.

आणि चूक दुरुस्त करा. विंड चिल हे उघड्या कातडीसाठी आहे. इंजिन कितीही वाऱ्यात ठेवा, हवेच्या तापमानाखाली जात नाही. फक्त तिथे लवकर पोचतं. उणे ३० म्हणजे उणे ३०. हीटरही रात्रभर लागत नाही. टायमर लावून निघण्याआधी तीन तास पुरे. ४०० वॉट गुणिले तीन म्हणजे १.२ युनिट. एवढ्यासाठी रडणं?

त्याने न लिहिलेलं मीही सांगतो. वीज, गॅस, फोन आणि गाडीचा मूळ विमा, चारही प्रांताच्या मालकीच्या कंपन्यांकडे. ज्या मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी खर्चाने उपचारांच्या योजनेचं, कॅनडाभर कौतुक, ती १ जुलै १९६२ ला इथे सुरू झाली, डॉक्टरांचा २३ दिवसांचा संप सोसून. टोरंटोवाल्यांनी आयतं घेतलं.

मीटरखाली:

आणि घड्याळ! सस्कॅचवनमध्ये घड्याळ पुढेमागे करत नाहीत (हद्दीवरचं लॉइडमिन्स्टर सोडा, ते अल्बर्टाच्या वेळेवर चालतं). भारताशी फरक वर्षभर साडेअकरा तास. इथे रात्री साडेआठ, तिकडे सकाळी आठ, बारा महिने. कॅनडात इतर बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदा आईवडिलांना "आता तासभर उशिरा फोन करा" समजावून बघा. या एका मुद्द्यावर माझं मत मूस जॉला.

सुकी भेळ:

मेडिकेअरचं कौतुक ऐकलं. दवाखान्यापर्यंत जायचं कसं? प्रांताची स्वतःची बस कंपनी होती, ती मे २०१७ मध्ये बंद केली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीने कॅनडाच्या पश्चिमेतून गाशा गुंडाळला. आता खेड्यातली सत्तरीची बाई, गाडी चालवत नाही, सॅस्कटूनला तपासणीला बोलावलंय, तिने काय करावं? शेजाऱ्याच्या पाया पडावं. त्या मनोगतातला "मदतीला धावणारा शेजारी" म्हणजे मोडीत काढलेली बस आहे, हे तुम्हाला कुणालाच दिसत नाही.

क्वार्टर सेक्शन:

बसचं मान्य. ते पाप सरकारचं, थंडीच्या खात्यात टाकू नका. बाय द वे, ज्यांना हा प्रांत म्हणजे नुसता बर्फ वाटतो त्यांनी आपल्या रगड्यातला पांढरा वाटाणा आणि मसूर कुठून येतात ते बघावं. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीने वाटाण्यावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, पुढच्याच महिन्यात मसुरीवर ३०, तेव्हा घाम इथे फुटला होता. भर हिवाळ्यात!

पाटावरवंटा:

वाटाणा राहू द्या, मुद्दा भलतीकडेच आहे. दोघंही "थंडी कोरडी आहे की नाही" यावर भांडताय. बाहेर कोरडी, कबूल. उणे ३० च्या हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅमही वाफ मावत नाही; २० अंशांच्या हवेत सतरा ग्रॅम मावते. ती बाहेरची हवा आत आणून तापवली तर आर्द्रता दोन-तीन टक्के उरते. पण मराठी घरात ती दोन-तीन टक्के राहते का? सकाळी कुकर, डाळ-भात, दोन वेळा चहा, चौघांच्या अंघोळी, आणि ड्रायरमध्ये आटतात म्हणून तळघरात दोरीवर कपडे. एका धुण्यात पिळल्यावरही दोन-तीन लिटर पाणी असतं. ते सगळं तुमच्या हवेत.

आतलं तापमान २१ आणि आर्द्रता ४० टक्के असली की ७ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. खिडकीची खालची कड त्याहून थंड असते. आधी काच, मग लाकूड, मग कपाटामागचा कोपरा काळा. उणे ३० ला आतली आर्द्रता वीसच्या आसपास हवी. पण फर्नेसवरच्या ह्युमिडिफायरचं (हवा ओली करणारं यंत्र) बटण ऑक्टोबरात ४० वर केलेलं फेब्रुवारीतही तिथेच.

खरी गंमत माळ्यावर. ही ओली हवा छतातल्या दिव्यांच्या भोकांतून, माळ्याच्या झाकणाच्या फटीतून वर जाते आणि छपराच्या फळ्यांना आतून बर्फ होऊन चिकटते. खिळ्यांची टोकं पांढरी. महिनोन्महिने साठतं, कुणाला पत्ता नाही. मग एक दिवस हवा शून्यावर येते आणि बेडरूमचं छत ठिबकतं. लोक छप्परवाल्याला बोलावतात. तो वर चढतो, कौलं ठणठणीत. तरी बिल देतोच.

सोमवारची भाजी:

म्हणजे शेवटी दोष फोडणीचा! कॅनडात काहीही बिघडलं की आपल्या स्वयंपाकावर या. फोडणीत पाणी किती असतं हो? ती तेलाची धग आणि वास. वाफ पास्ता उकळला तरी तेवढीच होते. उपाय सरळ आहे, ६०० सीएफएमचा (मिनिटाला तेवढे घनफूट हवा ओढणारा) मोठा एक्झॉस्ट हूड बसवा, पाइप बाहेर काढा, विषय संपला.

पाटावरवंटा:

फोडणी हा शब्द माझ्या प्रतिसादात एकदाही नाही. कुकर आहे. पुन्हा वाचा.

गवती चहा:

सोमवारची भाजी, ६०० चा हूड हा सल्ला इथे ठेवू नका, कुणीतरी खरंच बसवेल. बंद घरातून मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढली तर तेवढी कुठून तरी आत यायला हवी. जुन्या घरात गॅसचा गरम पाण्याचा टाका नुसत्या धुराड्याच्या ओढीवर चालतो. हूड ती ओढ उलटी करतो, धूर घरात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असला तर वासही येत नाही. मोठा हूड हवा असेल तर बाहेरची हवा आत घेण्याची सोय, तीही तापवून, आणि टाका पंख्याने धूर बाहेर फेकणारा. नाहीतर साधा, बाहेर तोंड असलेला हूड हळू वेगावर, भांड्यांवर झाकण, स्वयंपाकानंतर पंधरा मिनिटं चालू. जाळीतून हवा परत आत सोडणारा हूड वाफेसाठी शून्य कामाचा.

सोमवारची भाजी:

बरं बाई, तुम्ही शहाण्या. मग माळ्यावर पंखा बसवते, वरची वाफ वरच जाईल. की त्यानेही कुणी मरतं?

पाटावरवंटा:

मरत नाही, पण बर्फ वाढतो. माळ्यावरचा पंखा माळ्यातली हवा ओढतो, आणि ती जागा भरायला त्याच फटींतून घरातली ओली हवा जास्त वर चढते. ही चूक इतकी होते की विचारू नका. काम खालून करायचं: छतातल्या दिव्यांची खोकी हवाबंद, भिंतींच्या वरच्या फळीतल्या वायरींची भोकं बुजवलेली, बाथरूमच्या पंख्याचा पाइप इन्सुलेशन गुंडाळून थेट छपराबाहेर. तो पाइप माळ्यावरच सोडून दिलेला सापडतो, ते सगळ्यात वाईट. इन्सुलेशन जाड केलं म्हणजे झालं असं समजू नका. ते उष्णता अडवतं, हवा नाही. उलट छपराची फळी आणखी थंड होते, आणि फट तशीच ठेवली असेल तर बर्फ जास्त.

क्वार्टर सेक्शन:

एचआरव्ही नावाची वस्तू भिंतीवर लटकत असते, तिचं नाव कुणी घेईना. ओली हवा बाहेर, कोरडी आत, जाताजाता उष्णता काढून घेते. चालू ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी जाळ्या धुवा. ती "आवाज करते" म्हणून बंद ठेवतात आणि मग छत गळलं म्हणून सस्कॅचवनला शिव्या.

गवती चहा:

म्हणजे ही पाचवी गोष्ट, जी मूस जॉवाल्याने लिहिली नाही. माझ्या यादीत घालते.

बाकी इंजिनाला वारा लागत नाही, हे मान्य. उणे ३० म्हणजे उणे ३०, दंडवत घ्या. पण तुमचं शाकारण्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कोकणात कौलं फुटली तर पाणी गळतं, बादली ठेवायची. इथे फर्नेस बंद पडली तर पाइप फुटतात, भिंतीसकट.

क्वार्टर सेक्शन:

चिकणमातीचं तुम्ही बरोबर लिहिलंत, तेही घ्या. रजायनात घर घेताना नुसत्या होम इन्स्पेक्टरवर भागत नाही, पाया आत झुकलाय का ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून बघून घ्यावं. पन्हाळीचं पाणी भिंतीपासून निदान दोन मीटर लांब सोडावं. झालं समाधान? त्या माणसाचं घर तरी साठ वर्षं उभं आहे.

सुकी भेळ:

बसबद्दल कुणीच बोलणार नाही, लक्षात आलं.

सोमवारची भाजी:

भांडण बाजूला ठेवून विचारते. माळ्याच्या झाकणाला रबरी पट्टी लावली, तरी कडेला पांढरं दिसतंय. का?

पाटावरवंटा:

झाकण नुसतं ठेवलेलं असेल. त्याच्या वजनाने पट्टी दबत नाही. चौकटीच्या कठड्यावर चारही बाजूंनी अखंड पट्टी, कोपऱ्यात तोडायची नाही. वरून कड्या किंवा स्क्रू लावून झाकण घट्ट खाली ओढायचं. झाकणाच्या पाठीवर फोमचा जाड तुकडा चिकटवा, नाहीतर झाकणच थंड राहून त्याखाली दव धरेल. आणि हे कडाक्याच्या थंडीत उघडून करू नका, तेवढ्या वेळात घरातली वाफ वर जाईल. आत्ता ह्युमिडिफायर बंद, एचआरव्ही चालू, दोरीवरचे कपडे ड्रायरमध्ये.

सोमवारची भाजी:

ड्रायरमध्ये कॉटन आटतं.

पाटावरवंटा:

मग गुढीपाडव्याला बादली ठेवा.