अर्धवट गेम विकायचा, पॅच (डाउनलोड करायची दुरुस्ती) मागाहून द्यायचा : चालवून घ्यायचं का?

खिळखिळा_कंट्रोलर : 'सायबरपंक २०७७' या व्हिडिओ गेमची तारीख तीनदा पुढे ढकलली, अखेर १० डिसेंबर २०२० ला तो आला. तरी पीएस४ वर (सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर) इतका रडत होता की सोनीने आठवडाभरात आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला आणि लोकांना पैसे परत देऊ केले. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली होती. पीएस४ वरचे हाल गेम बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नव्हते, हे कुणाला पटेल? 'पॅच येईल ना' हे ऐकून कान किटले. पैसे पहिल्या दिवशी पूर्ण घेता, मग मालही पूर्ण द्या.

बग_बहाद्दर : असहमत. मी टेस्टिंगमध्येच आहे (गेमच्या नाही, बँकेच्या सॉफ्टवेअरच्या). डिस्क छापायला आठवडे आधी जाते. तोवर टीमने माश्या मारत बसायचं? त्या काळात सापडलेले बग (प्रोग्रॅममधल्या चुका) पहिल्याच दिवशी दुरुस्त करून दिले, यात गुन्हा कसला? कार्ट्रिजवर (प्लास्टिकच्या डबीत) गेम यायचे त्या जमान्यातही बग होतेच, ते जन्मभर तसेच राहायचे. आणि चौथ्यांदा तारीख ढकलली असती तर तुम्हीच शिव्या घातल्या असत्या.

खिळखिळा_कंट्रोलर : घातल्या असत्या की. पैसे तरी खिशात राहिले असते.

सेकंडहँड_डिस्क : दुरुस्ती वेगळी, उरलेलं काम वेगळं. 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' (२०१५) आठवतोय? डिस्कवर ट्युटोरियल आणि स्केटिंगचा पार्क बनवायची सोय, बाकी सगळा गेम पॅचमध्ये! आमच्या गावात ब्रॉडबँड नाही, मोबाईलचा दिवसाला दीड जीबी. आम्ही डिस्क घेतो ती कशाला? उद्या सर्व्हर बंद पडला की चहाचा कप ठेवायला.

उशिरा_लॉगिन : 'नो मॅन्स स्काय'ला २०१६ मध्ये लोकांनी धुतलं, त्याच छोट्या टीमने पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले. सायबरपंकचंही २.० अपडेट (सप्टेंबर २०२३) खेळून बघा, मग बोला.

सेकंडहँड_डिस्क : तोवर किंमतही उतरली होती. थांबला त्याला स्वस्तात चांगला गेम, विश्वासाने प्री-ऑर्डर केली तो बिनपगारी टेस्टर. 'बाल्डर्स गेट ३' ऑक्टोबर २०२० मध्ये 'अर्ली अ‍ॅक्सेस' म्हणूनच विकला, पूर्ण आला ऑगस्ट २०२३ मध्ये. अर्धा आहे हे आधी सांगितलं, म्हणून कुणी बोंब मारली नाही.

बग_बहाद्दर : सांगून विका, एवढं मान्य. पण पॅचवर राग काढून काय होणार? स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) दोन तासांहून कमी खेळला असाल तर १४ दिवसांत पैसे परत मिळतात. कन्सोलवाल्यांकडे तेच मागा.

खिळखिळा_कंट्रोलर : दोन तास? तेवढे माझ्या पात्राचं नाक ठरवण्यातच जातात.