मदत हवी आहे: ब्रेस्ट लिफ्ट आणि पाठीवरच्या वळ्या एकाच ऑपरेशनमध्ये कराव्यात का?

नमस्कार. मी फोंड्याजवळ राहते. वय ४३, दोन मुलं, धाकटा ११ वर्षांचा. अडीच वर्षांत वजन ९८ वरून ६७ किलोवर आणलं. गेले आठ महिने काटा ६६ ते ६८ मध्येच फिरतोय. मधुमेह नाही, तंबाखू नाही, थायरॉइडची गोळी चालू आहे.

वजन गेलं, पण कातडी राहिली. स्तन उतरलेत, आणि काखेखालून पाठीकडे ब्राच्या पट्ट्याच्या वर एक, खाली एक अशा वळ्या लोंबतात. जून लागला की स्तनांखालच्या घडीत लाल चट्टे आणि खाज सुरू. सलग तीन पावसाळे बुरशीचं मलम लावलंय. यंदा चवथीसाठी ब्लाऊज शिवायला दिला, तर शिंपीणबाई दोनदा माप घेऊन गप्पच बसल्या. पाठीच्या मापानं शिवला तर पुढं झोळ, पुढच्या मापानं शिवला तर पाठीत आवळणार. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. ३१ किलो कमी करून आरशासमोर उभं राहवत नाही, हे कुणाला सांगायचं?

दोन प्लास्टिक सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले, लिफ्ट करू आणि त्याच भुलेत पाठीचं लायपो (नळीनं चरबी ओढून काढणं) करू, दोन दिवसांत घरी. दुसऱ्यांनी पाठीची वळी चिमटीत धरून दाखवली. म्हणाले, यात चरबी थोडी आणि कातडी जास्त आहे, लायपोनं चरबी निघेल पण रिकामी पिशवी तशीच लोंबेल. त्यांच्या मते ब्राच्या पट्ट्याखाली झाकेल अशा रेषेत कातडी कापून काढावी लागेल. आणि ते पुढच्या लिफ्टबरोबर करायचं की तीन-चार महिन्यांनी, हे तुम्ही विचार करून सांगा म्हणाले.

एकत्र केलं तर एकच भूल, एकच सुट्टी, घरी एकदाच सांगायचं. पण पुढेही टाके आणि मागेही टाके, तर माणूस झोपतं कसं? कुशीवर नाही, पालथं नाही, पाठीवरही नाही? मला खरी भीती याचीच आहे. शिवाय स्कूटरशिवाय माझं पान हलत नाही आणि सासूबाईंना उठवायला-बसवायला मीच लागते. मेडिक्लेमवाल्यांनी नकार दिला, वर १८ टक्के जीएसटी. नवरा पाठीशी आहे, पण निर्णय तूच घे म्हणतो. कुणी दोन्ही केलं असेल तर कृपया लिहा.

किनारी: ताई, पाठीचे व्यायाम करून पाहिलेत का? माझ्या बहिणीला फरक पडला.

फोंड्याची लेक: दीड वर्ष जिम केलं. स्नायू घट्ट झाले, कातडी नाही.

जाई-अबोली: मी म्हापशाची. चार वर्षांपूर्वी माझं दोन्ही एकत्रच झालं, पण पाठीचं फक्त लायपो होतं, कातडी कापलेली नव्हती. तेवढं सोपं गेलं म्हणेन. पाठ पंधरा दिवस निळी-काळी होती, दुखणं मात्र पुढच्या टाक्यांचंच जास्त. झोपेचं विचारलंत म्हणून सांगते: तीन आठवडे आजोबांच्या लांब हातांच्या आरामखुर्चीत, पाठीला मऊ उशा लावून अर्धवट बसून झोपले. प्रेशर गारमेंट, म्हणजे अंग दाबून धरणारा घट्ट कपडा, सहा आठवडे. मी मार्चअखेरीस केलं ही चूक. एप्रिल-मेच्या घामात ते अंगावर वागवणं म्हणजे शिक्षा होती. नोव्हेंबर ते जानेवारी बघा. हात खांद्याच्या वर न्यायची मनाई होती, दोरीवर कपडेसुद्धा घालता येत नव्हते. पुढून उघडणारे गाऊन आधीच आणून ठेवा.

ओटीतली सिस्टर: मी २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये होते, त्यातली बरीच प्लास्टिक सर्जरीच्या टेबलाशी. एकत्र करतात तेव्हा बहुधा आधी पेशंटला पालथं करून पाठ उरकतात, मग उताणं करून, सगळं पुन्हा स्वच्छ करून पुढचं घेतात. त्या उलटापालटीत वेळ जातो. लायपो असेल तर फार वाढत नाही, पण पाठीची कातडी कापायची असेल तर भुलेचे तास चांगलेच वाढतात, आणि तास वाढले की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर न लपवता सांगा.

मागची कातडी ओढून शिवली की काखेखालची, स्तनाच्या बाहेरच्या कडेचीही थोडी मागे सरकते. म्हणून टप्प्यांनी करायचं असेल तर पाठ आधी की स्तन आधी, आणि का, हे दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं विचारा. लिफ्टचा व्रण नुसता निपलभोवती येईल, खाली उभी रेघ येईल, की घडीतही आडवा येईल? तुमच्याइतकं वजन उतरलं असेल तर बहुतेक तिसराच. निपलची संवेदना कमी होऊ शकते. पाठीत कातडी काढलेल्या जागी पाणी साठतं, ते बाहेर काढायला ड्रेन, म्हणजे बारीक नळी ठेवतात. वजन उतरवलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि प्रोटीन बऱ्याचदा कमी निघतं आणि मग टाके उशिरा भरतात, ते आधी तपासून घ्या. चाळिशी उलटलीय, तेव्हा मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) ऑपरेशनच्या आधी झालाच पाहिजे.

घरी गेल्यावर एकच स्तन अचानक टणक होऊन फुगला, निपल काळपट पडलं, एकाच पोटरीला सूज आली किंवा दम लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. आणि डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, तेही बघा. नुसती कॉस्मेटिक क्लिनिकची पाटी पुरत नाही.

सासूबाईंना उचलणं किमान सहा आठवडे बंद. त्याची सोय झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. मी स्वतः तुम्हाला दोन टप्पेच सुचवेन, कातडी कापायची असेल तर.

फोंड्याची लेक: सिस्टर, पाठ आधी की स्तन आधी, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. काल रात्री नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. घरी सांगायचं कसं यातच मी एवढी अडकले होते की सासूबाईंना उठवणार कोण, हे बाजूलाच राहिलं. सध्या मन दोन टप्प्यांकडे झुकतंय, पहिला डिसेंबरात. नणंद मडगावहून महिनाभर येऊन राहायला तयार आहे, म्हणजे सासूबाईंना आता सांगावंच लागेल, आणि तेही ठीकच. मॅमोग्राम पुढच्या सोमवारी, रक्ताच्या तपासण्या त्याच दिवशी.

जाई-अबोली, व्रणासाठी सिलिकॉनच्या पट्ट्या वापरल्यात की जेल? आपल्या घामात पट्टी टिकते का?