मेमरी नंतर वाढवता येते का, हे आधी पाहावे
नव्या लॅपटॉपांची एक तुलना पाहिली; तिच्यात प्रोसेसरचा वेगच प्रामुख्याने मोजला गेला आहे. माझ्या मते मेमरी (रॅम) पुढे वाढवता येईल का, हे त्याआधी पाहायला हवे. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही या प्रोसेसर मालिकेत मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच, म्हणजे चिपच्या त्याच आवरणात, बसवलेली असल्याने ती नंतर वाढवता येत नाही आणि ३२ जीबीपुढेही जात नाही, आणि अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिप असलेल्या लॅपटॉपांतही खरेदीच्या वेळी घेतली तेवढीच शेवटपर्यंत राहते. बॅटरी दोन्हीकडे चांगली टिकते, हे मान्यच. म्हणूनच २०२४ मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी१ या लॅपटॉपच्या सातव्या पिढीत आलेले एलपीकॅम२ मॉड्यूल (मेमरीची सुटी, छोटी पट्टी) मला फार मोलाचे वाटते: मेमरी कमी वीज खाणारी एलपीडीडीआर५एक्सच, पण स्क्रू काढून बदलता येणारी. हलक्या, मध्यम किमतीच्या मॉडेलांतही ते लवकर यावे, अशी मनापासून इच्छा आहे.