वर्गासाठीच्या संकेतस्थळावर ‘ल’ आणि ‘श’ पाठ्यपुस्तकाप्रमाणे कसे दिसतील?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका): मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वाचनाचे उतारे आणि स्वाध्यायपत्रिका पालकांना मोबाइलवर मिळाव्यात म्हणून मी वर्डप्रेसवर संकेतस्थळ तयार केले आहे. परंतु ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची उमटत असल्याने मुले वाचताना अडखळतात. जुन्या पत्रिका श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असून त्यांतील मजकूर पानावर चिकटवला की निरर्थक चिन्हे दिसतात. मुखपृष्ठावर माझा परिचय, पुरस्कार आणि वर्गाची छायाचित्रे आहेत. आणखी काय सुधारावे?

उत्तर १: मॅडम, अडचण भाषेच्या नोंदीत असावी. शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने या दोन्ही अक्षरांचे मराठी वळण निश्चित केले आहे आणि नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ते उपलब्धही आहे. मात्र पानाची भाषा मराठी असल्याचे ब्राउझरला कळले, तरच ते वापरले जाते. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ निवडा आणि तोच फॉन्ट लावा. नवशिक्या वाचकांसाठी अक्षर मोठे हवेच, शिवाय वेलांट्या आणि उकार वरच्या-खालच्या ओळींना भिडू नयेत इतके अंतर ओळींमध्ये ठेवा.

उत्तर २: श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधील मजकूर प्रथम युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व मोबाइल-संगणकांवर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतरित करावा लागेल. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घालाच, कारण चुका तिथेच राहतात. पत्रिकेचे छायाचित्र चढवण्याचा सोपा मार्ग मोह पाडतो, पण त्यातील शब्द शोधात सापडत नाहीत.

उत्तर ३: ताई, पालक या आठवड्याचा उतारा शोधत येतात, त्यामुळे तो सर्वांत वर असावा, परिचय आणि पुरस्कार वेगळ्या पानावर शोभतील. मुलांची छायाचित्रे मात्र माझ्या मते काढूनच टाकावीत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित असते. मुलांनी काढलेली चित्रे नावाविना लावली तरी वर्ग जिवंत दिसेल.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. भाषा बदलताच उताऱ्यांतील ‘श’ सुधारला. शीर्षकांत मात्र शिरोरेषा तुटक दिसते.

उत्तर १: थीमने (संकेतस्थळाच्या तयार मांडणीने) शीर्षकांतील अक्षरांमध्ये जादा अंतर दिलेले असते, रोमन लिपीला ते चालते, देवनागरीची शिरोरेषा मात्र त्याने तुटते. ते अंतर शून्य करा.