समाजवादाचा उगम: अभ्यासिकेत की मागावर?
(चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मुक्काम पोस्ट
समाजवाद आला कुठून, तर जर्मन तत्त्वज्ञान, इंग्रजी अर्थशास्त्र आणि फ्रेंच समाजवाद यांतून, हे उत्तर ठरलेलं. लेनिनने १९१३ साली मार्क्सवादाचे हे तीन स्रोत सांगितले. अभ्यासवर्गांनी ते पाठ करून घेतले आणि मार्क्सची वंशावळ हीच अख्ख्या समाजवादाची वंशावळ होऊन बसली. त्यात कष्टकरी माणूस औषधालाही नाही.

माझ्या मते सुरुवात फ्रान्समधल्या ल्यों शहरापासून करावी. तिथल्या रेशीम विणकरांचे माग स्वतःचे होते, घरातच. पण रेशीम देणार व्यापारी आणि मजुरीचा दरही तोच ठरवणार. ऑक्टोबर १८३१ मध्ये सरकारी मध्यस्थीने किमान दर ठरले, ते बऱ्याच व्यापाऱ्यांनी धुडकावले, आणि नोव्हेंबरात विणकरांनी शहरच ताब्यात घेतलं. हा नुसता भडका नव्हता. १८२८ पासून त्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना होती, आणि उठावाच्या सुमारास स्वतःचं साप्ताहिकही निघालं होतं. फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूदाँ पुढे ल्योंमध्ये नोकरीला होता. त्याच्या परस्पर साहाय्याच्या विचारावर या विणकरांचं ऋण उघड आहे. उठावाच्या वेळी मार्क्स १३ वर्षांचा होता.

आडवा प्रश्न
विणकर चिडले म्हणजे समाजवाद झाला का? फ्लोरेन्समध्ये १३७८ साली लोकर कामगारांनी सत्तेत वाटा मिळवला होता, त्यालाही समाजवाद म्हणा मग! फरक रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने पाडला. १८१७ मध्ये त्याने मूल्याचा पाया श्रमात दाखवला आणि १८२५ मध्ये हॉजस्किन या इंग्रज लेखकाने एका पुस्तिकेत त्याच तर्काने विचारलं, मूल्य श्रमातून येतं तर नफा भांडवलवाल्याचा कसा? पोटात भूक सगळ्यांनाच होती, हा प्रश्न मात्र वाचलेल्या माणसालाच सुचला. शिवाय तुमच्या त्या साप्ताहिकात फूरिये या फ्रेंच समाजवाद्याच्या विचारांचे लेख येत, आणि सेंट-सिमोन या दुसऱ्या फ्रेंच विचारवंताचे अनुयायी उठावाआधीच ल्योंत सभा घेऊन गेले होते.

कोरा कागद
ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनला दोघांनीही बाजूला ठेवलंय, कारण तो कुणाच्याच रकान्यात बसत नाही. गिरणीचा कारभारी, स्वतः भागीदार. १८०० पासून स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कची सूतगिरणी त्याच्या हाती. दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी शाळा. अमेरिकेने निर्बंध घातल्यामुळे कापूस थांबला तेव्हा काही महिने गिरणी बंद ठेवून पूर्ण पगार. आणि नफाही चालूच! (कापूस गुलामांनी वेचलेला, हे त्याच्या चरित्रकारांना उशिरा आठवतं.)

त्याने १८२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात न्यू हार्मनी ही सामायिक जगण्याची वसाहत वसवली, ती दोनेक वर्षांत मोडली. टिकलं ते १८४४ साली इंग्लंडातल्या रॉचडेलमध्ये निघालेलं सहकारी किराणा दुकान, ज्यात ओवेनला मानणारे काही जण होते. आपल्या सोसायट्यांतलं ‘एक सभासद, एक मत’ तिथूनच चालत आलेलं आहे. आपले सहकारसम्राट हे ऐकून काय म्हणतील कोण जाणे.

ओसरीवरून
१६४९ साली इंग्लंडातल्या सरे परगण्यात पडीक जमीन सामायिक कसणारा विन्स्टन्ली रिकार्डो वाचून गेला नव्हता. पृथ्वी देवाने सगळ्यांसाठी केली, एवढंच त्याचं अर्थशास्त्र. धर्माला वगळून ही चर्चा अर्धीच.

मुक्काम पोस्ट
@आडवा प्रश्न: हॉजस्किनची पुस्तिका हवेतून पडली नाही. इंग्लंडात कामगार संघटनांवरची बंदी १८२४ मध्ये उठली, संप वाढले, आणि पुढच्याच वर्षी मालकांनी पुन्हा निर्बंधांसाठी धोशा लावला. त्या वादात संघटनांची बाजू मांडायला त्याने ती लिहिली. रिकार्डो आधीही होताच की कपाटात. त्याला तिथून काढायला लावलं कुणी?

आडवा प्रश्न
निमित्त कामगारांचं, हे मान्य. पण एप्रिल १८३४ मध्ये ल्योंचा दुसरा उठाव सैन्याने चिरडला आणि साप्ताहिकही बंद पडलं. लिहून ठेवणारे नसते तर तुम्ही आज हा धागा कशाच्या जोरावर काढला असता?

मुक्काम पोस्ट
लिहिणारे कोण, हाच तर मुद्दा आहे. फ्लोरा त्रिस्तान शिळाछापाच्या कारखान्यात चित्रं रंगवायचं काम केलेली बाई. स्त्री-पुरुष सगळ्या कामगारांची एकच संघटना हवी, हे तिने १८४३ मध्ये, कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या पाच वर्षं आधी, पुस्तकात मांडलं. प्रकाशक मिळेना म्हणून वर्गणी काढून छापलं, आणि १८४४ मध्ये ल्योंसकट गावोगाव कामगारांच्या सभा घेत हिंडली. त्याच दौऱ्यात बोर्दोला वारली. तुमच्या तीन स्रोतांपैकी कुठल्या रकान्यात तिला टाकता, सांगा.