वीज वाचवणारी उपकरणे निवडताना: तुमचे अनुभव लिहा

कवडसा
कपाट आवरताना वडिलांची जुनी वही हाती लागली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा आकडा टिपून ठेवण्याची त्यांची सवय होती, आणि जुना फ्रीज बदलला त्या महिन्यापासून वापर कसा उतरला, हे त्या पानांवर आजही स्पष्ट दिसते. फ्रीज घेताना त्यांनी दाराचा रंग पाहिला नाही. लेबलावर छापलेला वर्षभराचा युनिटांचा आकडा तेवढा वाचला. १,२०० वॅटचा मायक्रोवेव्ह रोज दहा मिनिटे चालला तर वर्षाला सुमारे ७३ युनिट लागतात, तर सरासरी केवळ ४० वॅट खाणारा, पण अहोरात्र चालू असणारा फ्रीज ३५० युनिट घेतो. म्हणून किती वॅट याच्याइतकेच किती तास हेही महत्त्वाचे, असे ते सांगत. आपण उपकरणे कशी निवडलीत?

मोरपीस
आमच्याकडे सर्वांत मोठा फरक पंख्यांनी पडला. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० वॅटच्या आसपास. रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला दोनशेच्या जवळपास युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा मात्र आम्ही बदलला नाही. तो फिरतोच क्वचित.

सांजवात
मोरपीस, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवला का?

मोरपीस
नाही, तो काढून साधे बटण बसवले. बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या आतले सर्किट सांभाळते, जुन्या रेग्युलेटरशी त्याचे जमत नाही.

आडवाट
एसीबद्दल लिहितो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर बंद-चालू होत राहण्याऐवजी वेग कमी करून चालत राहतो, आणि खरी बचत त्यातून होते. मात्र खोलीच्या मानाने फारच लहान यंत्र घेतले तर ते सतत पूर्ण ताकदीने धावते आणि हा फायदा मिळत नाही. मी विकत घेताना शीतक वायूही, म्हणजे एसीच्या नळ्यांत फिरून खोलीतली उष्णता बाहेर नेणारा वायू कोणता हेही, विचारून घेतला. आर-४१०ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट तापमानवाढ घडवतो, आर-३२ सुमारे ६७५ पट. २०१६ च्या किगाली कराराने असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले आहे, तरी दुकानात हा प्रश्न कोणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

निरांजन
कपडे धुण्याच्या यंत्रात गरम पाणी वापरले तर बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते. आम्ही रोजचे कपडे गार पाण्यात आणि यंत्र पुरेसे भरूनच धुतो. मुलीला घाई असते, बाळ झोपेतून उठायच्या आत सगळे उरकायचे असते, तरी ती हा नियम पाळते.

सांजवात
माझी थोडी वेगळी बाजू. चालते उपकरण केवळ नवे अधिक चांगले आहे म्हणून टाकून देणे मला पटत नाही, कारण नवे बनवतानाही धातू, प्लास्टिक आणि ऊर्जा खर्च होते. जे तासन् तास चालते आणि जुने झाले आहे ते बदलावे. जे क्वचित लागते ते मोडेपर्यंत वापरावे. आणि नवा फ्रीज आल्यावर जुना दुसऱ्या खोलीत चालू ठेवू नये, नाहीतर वीज वाचण्याऐवजी वाढते.

आडवाट
सांजवात, पूर्ण सहमत. जुना फ्रीज देतानाही त्यातला वायू नीट काढून घेणाऱ्यांकडेच द्यावा. नळी कापली की तो थेट हवेत जातो.

कवडसा
सर्वांचे आभार. निरांजन, बाळाला आशीर्वाद. प्लगमध्ये लावायचे छोटे मीटर मी नुकतेच आणले आहे. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद दिसत असतानाही दहा वॅट घेतो आहे, म्हणजे वर्षाला जवळजवळ ८८ युनिट. आता रात्री त्याचे भिंतीवरचे बटणच बंद करतो. पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राचे असे मोजमाप कोणी केले असेल तर कृपया लिहा.